ओढ्याला भर उन्हाळ्यात पाणी येतंय कुठून? (सोलापूरकरांनो जरा बघा की)

ओढ्यामागचा | १४ एप्रिल, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. विजापूर रोडच्या बाजूला राहतो, नेमकं कुठं ते सोडा, घराच्या मागच्या गल्लीतून एक ओढा जातो एवढंच लक्षात घ्या. सगळे त्याला नाला म्हणतात, मी लहानपणापासून ओढा म्हणतो म्हणून ओढा. आज सुट्टी होती, ऊन उतरल्यावर लेकाला घेऊन काठाकाठानं वर चालत गेलो. ऑक्टोबरनंतर पावसाचा थेंब नाही, आणि तरी ओढ्याला पोटरीभर पाणी वाहतंय. आता तुम्ही म्हणाल गटारीचं असेल, मी पण तेच म्हणत होतो इतके दिवस. पण एक साधारण दोनशे पावलांचा पट्टा असा आहे की तिथं दोन्ही काठांना एक सुद्धा पाइप येऊन पडत नाही, मी दोनदा फिरून बघितलं, झुडपं बाजूला करून बघितलं, आणि तरी पट्ट्याच्या वरच्या टोकाला जेवढं पाणी आहे त्यापेक्षा खालच्या टोकाला डोळ्यांना दिसेल एवढं जास्त आहे. काठाच्या मुरमातून बारीक बारीक झिरपतंय, बोट लावलं तर गार. काही ठिकाणी एकदम काचेसारखं स्वच्छ, काही ठिकाणी नारिंगी शेवाळासारखा बुळबुळीत थर आणि वर तेलाचा तवंग असल्यासारखं चमकतंय.

आरओ बसवला तेव्हा घेतलेला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार किती ते दाखवतो तो) घरात पडून होता, तो नेला. पट्ट्याच्या वर ओढ्यात ११४०, झिरप्याच्या पाण्यात १४२०, पट्ट्याच्या खाली ओढ्यात १२३०. घरच्या नळाला याच्या निम्म्याहून कमी दाखवतो. म्हणजे स्वच्छ दिसणारं पाणी घाणेरड्या पाण्यापेक्षा जास्त जड? मीटर बिघडलाय का माझं डोकं?

कडक_भाकरी | १४ एप्रिल, रात्री ११:३२

काय बे, सुट्टीच्या दिवशी नाल्यात मीटर घालून बसलास. वहिनी काय म्हणाल्या ते लिही आधी.

जुळेवासी | १५ एप्रिल, सकाळी ७:०५

तो तवंग म्हणजे वरच्या अंगाला गॅरेजं आहेत त्यांचं ऑइल असणार. आमच्याकडं पण दिसतं. तक्रार करा.

निवृत्त_पाषाण | १५ एप्रिल, सकाळी ९:४०

मीटर बरोबर आहे, डोकं पण बरोबर आहे. नोकरीची बरीच वर्षं मी विहिरीत दोर सोडून पाण्याची पातळी मोजण्यात घालवली, त्यामुळे धागा बघून राहवलं नाही, जरा लांब लिहितो.

आधी तो तवंग. एक काडी घ्या आणि त्यात फिरवा. तेल असेल तर काडी काढल्यावर तवंग परत एकजीव होतो, रंगाचे भोवरे दिसतात. काचेच्या पापुद्र्यासारखे तुकडे पडून तसेच राहिले तर ते तेल नाही, लोह खाणाऱ्या जिवाणूंचा पापुद्रा. जमिनीखाली प्राणवायू संपलेल्या पाण्यात लोह विरघळतं, ते पाणी काठाला येऊन हवेला लागलं की गंजतं, तोच तुमचा नारिंगी थर. म्हणजे गॅरेजवाल्याला शिव्या द्यायच्या आधी काडी फिरवून बघा. पण जमिनीखाली प्राणवायू संपला कशामुळं हा पुढचा प्रश्न आहे, तो लक्षात ठेवा.

आता पाणी कुठून येतं. आपल्याकडं सगळा दख्खनचा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या, म्हणजे छिद्राछिद्रांचा मऊ खडक, नाहीतर भेगाळलेला खडक आणि मग घट्ट काळा पाषाण. घट्ट पाषाणात पाणी मावत नाही, मावतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांत. पावसाचं असो नाहीतर कशाचं, खाली मुरलेलं पाणी पाषाणावर टेकतं आणि मग उताराकडं आडवं सरकत जातं. आसपासची सगळ्यात खोल जागा कोणती? ओढा. ओढा म्हणजे मुरमाला मारलेला चर समजा. चरात दोन्ही भिंतींतून पाणी उतरतं, त्याला आम्ही पाझर म्हणायचो.

आणि जड का? पाऊस जवळजवळ कोरा असतो, त्यात क्षार नसतातच म्हटलं तरी चालेल. तोच मुरमातून महिनोन्महिने चालत आला की वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट उचलत येतो. पण नुसत्या खडकामुळं १४२० आलं असं मी म्हणणार नाही. तुमच्या वस्तीला ड्रेनेज आहे का सेफ्टी टँक?

ओढ्यामागचा | १५ एप्रिल, दुपारी १:१५

काका, काडी फिरवली. तुकडे पडले!! लेक शाळेत सांगणार म्हणतोय.

पुढच्या गल्लीला ड्रेनेज लाइन आहे, आमची आणि मागची गल्ली सेफ्टी टँकवर. त्यातल्या निम्म्यांचा टँक कधी उपसलेला मी बघितला नाही, म्हणजे खालून मुरतंय सगळं. आमचा पण, खोटं कशाला बोलू.

बोरवाला_मामा | १५ एप्रिल, रात्री ९:५०

टँक उपसायला लागत नाही असं लोकं छाती फुगवून सांगतात, भारी बांधकाम केलंय म्हणून. भारी कसलं, बुड फुटलंय म्हणून भरत नाही. मी बोरच्या गाडीवर लै वर्षं काढली. टँकपासनं पंधरा फुटावर बोर मारा म्हणणारे बघितलेत. नको म्हणलं तर दुसरी गाडी बोलवतात.

साखरपेठची_सून | १६ एप्रिल, दुपारी ३:२०

आमच्याकडचा अनुभव सांगते. सासरी पूर्वी सुताची रंगणी होती, म्हणजे सूत रंगवून चादरवाल्यांना द्यायचं. आता बंद आहे. सासरे तेलुगू मिसळून मराठी बोलतात, त्यांना तुमचा धागा वाचून दाखवला तर म्हणाले, रंगाचं सगळे ओरडतात, मिठाचं कोण बोलत नाही. सुती धाग्यावर रंग चढायला मीठ लागतं, खायचंच मीठ नाहीतर ग्लॉबर सॉल्ट, आणि ते चिमूटभर नाही, गडद रंगाला लिटरमागं पन्नास-साठ ग्रॅम आणि कधी त्याहून जास्त. रंग धाग्यावर बसतो, मीठ सगळंच्या सगळं पाण्यात राहतं. लाल-निळं पाणी नाल्यात दिसलं की फोटो येतात, रंग काढून टाकला की पाणी साफ झालं असं वाटतं, पण मीठ तसंच. ते मातीत अडकत नाही, सडत नाही, उन्हानं उडत नाही, कुठं जाणार.

आमच्या वाड्यात जुना आड आहे. आजेसासूबाईंच्या वेळी त्यावर डाळ शिजायची म्हणे. मी लग्न होऊन आले तेव्हा नुसते कपडे धुवायचो, आता साबणाला फेस पण येत नाही, सगळा साका बनतो. रंगणी बंद होऊन इतकी वर्षं झाली, आड काही सुधारला नाही.

निवृत्त_पाषाण | १६ एप्रिल, सायंकाळी ६:१०

ताई, सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं ते मला तासभर भाषण करून लोकांच्या गळी उतरवता यायचं नाही. मिठातल्या क्लोराइडला जमिनीखाली कोण अडवत नाही, पाणी जाईल तिथं ते जातं, आणि मुरमातून पाणी चालतं मुंगीच्या पायानं. वर बंद झालं म्हणून खाली लगेच बंद होत नाही. तुमच्या भागातल्या नाल्याला आज जे पाझरतंय त्यात सासऱ्यांच्या वेळचं मीठ अजून असू शकतं.

फेस न येणं हे मात्र मिठापेक्षा कॅल्शियम-मॅग्नेशियममुळं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा २०० पर्यंत चांगला आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे, टीडीएसला ५०० आणि २०००, क्लोराइडला २५० आणि १०००, सगळं लिटरमागं मिलिग्रॅममध्ये. नायट्रेटला मात्र सरळ ४५, त्याला सवलत नाही. यातच सगळं आलं.

ओढ्यामागचा, तुम्हाला एक काम देतो. जवळ एखादी उघडी विहीर आहे का? गवंड्याकडं लेव्हल पाइप असतो, पाणी भरलेली पारदर्शक नळी, ती मागून आणा. विहिरीतल्या पाण्याची पातळी ओढ्याच्या पातळीच्या वर आहे का खाली तेवढं मला सांगा.

सिव्हिल_वाला | १७ एप्रिल, सकाळी १०:३०

एवढं सगळं करण्यापेक्षा नाला तळापासून काँक्रीटचा करून टाकायचा, दोन्ही बाजूला भिंती, विषय संपला. ना झिरपणं ना नारिंगी थर ना डास.

कडक_भाकरी | १७ एप्रिल, सकाळी १०:४१

आलं बिल काढणारं.

निवृत्त_पाषाण | १७ एप्रिल, दुपारी १२:००

भिंतीमागं पाणी साठलं की ते भिंत ढकलतं हे तुम्हाला मी सांगायला नको, म्हणूनच तुम्ही लोक भिंतीला भोकं ठेवता. भोकं ठेवली की पाझर परत आत. नाही ठेवली तर मागच्या घरांच्या पायात ओल. पाणी यायचं तिथं येतंच, वाट तेवढी बदलते.

आणि अजून एक. ओढ्याच्या तळाला आणि काठाला जो काळा चिखल असतो ना, वास येणारा, ज्याचा आपल्याला राग येतो, तोच फुकटात काम करतो. झिरपणारं पाणी त्या चिखलातून वर येताना तिथले जिवाणू त्यातल्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. त्यांना सडका पाला आणि प्राणवायू नसलेली जागा लागते, म्हणजे नेमकं तेच जे आपण साफसफाई म्हणून खरवडून काढतो. घाण ठेवा असं मी म्हणत नाही. पण काँक्रीट केलंत तर हा कामगार घरी बसवला एवढं लक्षात ठेवा.

सिव्हिल_वाला | १७ एप्रिल, दुपारी १२:२५

काका मान्य, पण चिखलातच डास होतात आणि डेंग्यू माझ्या घरात झालाय, जिवाणूंच्या नाही.

निवृत्त_पाषाण | १७ एप्रिल, दुपारी १२:५०

घरात आजारपण काढलंय म्हटल्यावर वाद घालत नाही. एवढंच, डेंग्यूचा डास चांगल्या साठवलेल्या पाण्यात होतो. चार दिवसाआड नळ येतो म्हणून आपण पिंपं भरून ठेवतो, तिथं. ओढ्यातला डास वेगळा, तो पण चावतोच म्हणा.

ओढ्यामागचा | २१ एप्रिल, रात्री १०:१५

रविवारी मोजलं काका. सविस्तर लिहितो कारण लै मजा आली.

ओढ्यापासून दीडशे फुटांवर एका रिकाम्या प्लॉटमध्ये जुनी विहीर आहे, मालक पुण्याला, परवानगी घेतली फोनवर. ओळखीच्या गवंड्याला चहा-भजीवर बोलावलं, तीस फुटी लेव्हल पाइप घेऊन आला. दोराला दगड बांधून सोडला, काठापासून पाणी चौदा फूट. मग विहिरीच्या काठापासून ओढ्यापर्यंत टप्प्याटप्प्यानं लेव्हल काढत गेलो, सहा टप्पे झाले, मध्ये एकदा नळीत बुडबुडा अडकला आणि सगळं परत करायला लागलं, गवंडी म्हणतोय बांधकाम काय काढलंय साहेब इथं, आता काय सांगणार. बेरीज केल्यावर विहिरीचा काठ ओढ्याच्या पाण्यापेक्षा साडेसतरा फूट उंच निघाला. म्हणजे विहिरीतलं पाणी ओढ्याच्या साडेतीन फूट वर!

म्हणजे विहिरीकडून ओढ्याकडं येतंय, बरोबर ना?

दुसरं एक आपोआप कळलं. आमच्याकडं शनिवारी नळ आला. नळ आला की सगळ्या बायका धुणं काढतात, गाड्या धुतल्या जातात, ओढ्याचं पाणी त्या दिवशी चार बोटं वर येतं. मीटर लावला तर ओढ्यात ९७०, एरवी अकराशेच्या खाली येत नाही. पण त्याच वेळी झिरप्याला लावला तर १४१०. शुक्रवारी १४२० होता, सोमवारी १४२०. नळ येवो न येवो त्याला काही फरकच नाही.

निवृत्त_पाषाण | २२ एप्रिल, सकाळी ८:३०

शाबास! मन खूश केलंत. गटारीचं पाणी आज वापरलं की आज येतं, म्हणून ते नळाच्या दिवसाबरोबर नाचतं. झिरपा नाचत नाही कारण त्याच्या मागं महिन्यांचा, कदाचित वर्षांचा साठा आहे. अजून एक खूण सांगतो, हात घालून बघायची. जमिनीखालच्या पाण्याचं तापमान बाराही महिने जवळजवळ सारखं, वर्षाच्या सरासरी हवेएवढं, आपल्याकडं २७ अंशांच्या आसपास. म्हणून आत्ता एप्रिलमध्ये तुम्हाला ते गार लागलं. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे जाऊन बघा, तेच पाणी कोमट लागेल.

जुळेवासी | २२ एप्रिल, रात्री ८:४५

आमची सोसायटी त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला आहे असं वाटतंय वर्णनावरून. आमचं उलटंच आहे. आमच्या दोन बोर ओढ्यापासून साठ फुटांवर, एक २५० फूट आणि एक ४०० फूट. पावसाळ्यात पाणी ठीक, मार्चनंतर वास येतो, बादली पिवळी पडते. ओढा जमिनीतून पाणी घेतो म्हणता मग आमच्या बोरला ओढ्याचा वास कसा येतो? शेजारच्या प्लॉटमध्ये चाळीस फुटी विहीर आहे, ती ठणठणीत कोरडी.

बोरवाला_मामा | २२ एप्रिल, रात्री ९:३०

केसिंग किती फूट टाकलंय विचारा. वीस फुटाचा एक पाइप टाकून मोकळं झाले असतील. मुरूम तिथं तीस-पस्तीस फूट असंल तर वरचं पाणी केसिंगच्या खालनं सरळ बोरमध्ये. केसिंग पक्क्या खडकात बसवून भोवती सिमेंट भरायला पाहिजे, ते कोण करतंय, फुटावर भाव असतोय, सिमेंटचे पैसे मागितले की लोकं तोंड वाकडं करतात.

निवृत्त_पाषाण | २२ एप्रिल, रात्री १०:२०

मामा बरोबर बोलले, आणि त्यात दुसरी गोष्ट मिळवा. चाळीस फुटी विहीर कोरडी म्हणजे तिथली पाण्याची पातळी ओढ्याच्या तळाच्या खाली गेलीय. उतार उलटा झाला. वर ओढ्यामागच्यांच्या पट्ट्यात जमीन ओढ्याला देते, खाली तुमच्याकडं ओढा जमिनीला देतो. एकच ओढा, अर्धा किलोमीटरमध्ये दोन तऱ्हा. पावसाळ्यात, विशेषतः सप्टेंबरात, आपला खरा पाऊस तेव्हाच असतो, मुरूम भरला की तुमच्याकडं पण उतार सुलटा होतो म्हणून वास जातो.

खडकात भेग असेल तर गाळणी नावाचा प्रकारच नाही. वाळूतून पाणी गाळून जातं, भेगेतून नळीसारखं जातं. एच-टू-एस ची बाटली मिळते, ग्रामपंचायतीत वापरतात ती, त्यात पाणी भरून दोन दिवस ठेवा. काळी पडली तर मैला पोचलाय.

जुळेवासी | २६ एप्रिल, रात्री ८:००

दुसऱ्या दिवशी सकाळीच काळी झाली. डांबरासारखी. मीटिंगमध्ये टेबलावर ठेवली, दहा मिनिटं कोण बोललंच नाही, मग एकजण म्हणाला झाकण लावा त्याला.

ओढ्यामागचा | ३ मे, रात्री ११:००

परत आलो. नायट्रेटच्या पट्ट्या मागवल्या, मत्स्यपालनवाले वापरतात त्या. आता जे लिहितोय ते वाचून सांगा माझं कुठं चुकतंय का.

ओढ्याच्या मधल्या काळ्या पाण्यात पट्टी बुडवली, नुसती फिकी गुलाबी, जवळपास काहीच नाही. काठाच्या काचेसारख्या झिरप्यात बुडवली, अर्ध्या मिनिटात गडद किरमिजी, डबीवरच्या ५० आणि १०० च्या मधे कुठंतरी. तीनदा केलं, तीन जागी. नारिंगी थर आहे तिथं मात्र कमी.

आणि मला काळजी वाटतेय ती अशी की त्या झिरप्यावरनं मागच्या झोपड्यांतल्या बायका कळशा भरतात. नळाला नंबर लागत नाही, हे पाणी स्वच्छ दिसतंय, गार लागतंय, एका ठिकाणी दगड रचून नीट धार पण काढलीय, शेंदूर लावलाय. एका मावशींना सांगायला गेलो तर म्हणाल्या बाळा आम्ही उकळून देतो लेकरांना.

निवृत्त_पाषाण | ४ मे, सकाळी ९:१५

आधी डबी बघा, त्यावर नायट्रेट लिहिलंय का नायट्रेट-नायट्रोजन. मानकातला ४५ हा नायट्रेटचा आकडा, नायट्रोजन म्हणून मोजला तर तोच दहाच्या आसपास होतो. बरेच लोक इथं गंडतात.

चुकत काही नाही तुमचं. ताज्या मैल्यात नायट्रेट नसतंच, त्यात अमोनिया असतो. तोच मैला सेफ्टी टँकातून मुरमात उतरतो, मुरमात हवा असते, तिथं जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, वास जातो, रंग जातो, गाळ वर राहतो, आणि ओढ्याच्या काठी तेच पाणी काच होऊन बाहेर पडतं. जिथं मैला इतका झाला की खालची हवाच संपली तिथं नायट्रेट कमी आणि लोह बाहेर, म्हणून नारिंगी. तुम्हाला पहिल्या दिवशी लक्षात ठेवा म्हटलं होतं ते हेच.

मावशींना परत जाऊन सांगा, उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते घट्ट होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या बाटलीत हे पाणी अजिबात नको, रक्तातला प्राणवायू कमी होऊन बाळ निळं पडतं. हे नीट, घाबरवून न सोडता सांगा, आणि शक्य असेल तर तिथल्या आशाताईंना बरोबर घेऊन जा, तुमचं-माझं ऐकायचे नाहीत, त्यांचं ऐकतात. पर्याय काय ते पण बोला, नुसतं नको म्हणून कळशी भरत नाही.

साखरपेठची_सून | ४ मे, सकाळी ११:४०

शेंदूर लावलाय म्हणजे अवघड आहे. देवाचं पाणी वाईट कसं म्हणतील. आमच्या गल्लीतल्या तीन-चार जणी आम्ही मिळून दोन वेळा पाणी देतो मागच्या वस्तीत, तुमच्याकडं पण असं काही जमतंय का बघा. नळ आला की पहिल्या कळश्या लहान लेकरं असलेल्या घरांना.

दुष्काळी_७२ | ५ मे, सायंकाळी ५:३०

मी वयानं मोठा आहे, नातू टाइप करून देतोय. तुम्ही सगळे विचारताय पाणी घाण कसं. मी विचारतो पाणी आहेच कसं.

आमच्या लहानपणी असल्या ओढ्यांना दिवाळीपर्यंत धार असायची, बरं वर्ष असेल तर संक्रांतीपर्यंत. नंतर कोरडं पात्र. उन्हाळ्यात वाळूत झिरा उकरायचा, हात-दोन हात, कडेनं पाणी यायची वाट बघत बसायचं आणि वाटीनं घागर भरायची. ७२ ला तो पण आटला, मग बोरच्या गाड्या आल्या. एप्रिल-मेमध्ये ओढा वाहतोय हे मी जन्मात बघितलं नव्हतं, ते बघितलं शहर वाढल्यावर. पाऊस तर तेवढाच आहे, उलट बेभरवशी झालाय. मग हे कुठलं?

निवृत्त_पाषाण | ५ मे, सायंकाळी ७:४५

आजोबा, मी चार पानं लिहिली आणि हा प्रश्न विचारायचा राहिला.

उजनीचं आहे. शंभरेक किलोमीटरवरून पाइपनं भीमेचं पाणी आपण शहरात आणतो. त्यातलं काही फुटक्या लाइनीतून वाटेतच मुरतं, बाकीचं घराघरांतून फिरून सेफ्टी टँकात, शोषखड्ड्यात, फुटक्या चेंबरमध्ये. हा म्हणजे शहराखाली बारमाही चाललेला पाऊस आहे, ढगाशिवायचा. त्यानं मुरूम भरलेला राहतो आणि ओढा मेमध्ये वाहतो. पुढं ते सीनेला मिळतं आणि सीना हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. भीमेचं पाणी भीमेला, मधे आपल्या मुरमाला धुऊन.

ओढ्यामागचा | ५ मे, रात्री १०:३०

म्हणजे उद्या आमच्या गल्लीत ड्रेनेज आलं, टँक बुजवले, गळत्या काढल्या, तर ओढा स्वच्छ होईल का कोरडा पडेल?

निवृत्त_पाषाण | ६ मे, सकाळी ८:००

आधी उन्हाळ्यातली धार बारीक होईल. नायट्रेट मागं रेंगाळेल, ताईंच्या आडासारखं, काही वर्षं. धार बारीक झाल्यावर जी गटार अजून जोडलेली असेल तिचं पाणी पातळ करायला पण काही उरणार नाही, म्हणजे मधली वर्षं ओढा आत्तापेक्षा वाईट दिसू शकतो, आणि लोक म्हणतील ड्रेनेज टाकून काय मिळालं. शेवटी आजोबांचा ओढा परत येईल. दिवाळीपर्यंत धार, नंतर वाळू.

जुळेवासी | ६ मे, सकाळी ९:१०

आमच्या बोरचं काय करायचं तेवढं सांगा ना कुणीतरी.

बोरवाला_मामा | ६ मे, सकाळी ९:५५

२५० वाली बंद करा, तोंड सिमेंटनं बुजवा, नुसतं झाकण नको. ४०० वालीची मोटर काढून कॅमेरा सोडता येतोय आता, पाणी कुठनं शिरतंय ते दिसतंय. वरनं शिरत असंल तर आत बारीक केसिंग टाकून मधली जागा भरायची. आणि तवर फ्लशला वापरा, भांड्याला नको.

सिव्हिल_वाला | ६ मे, रात्री ९:००

काँक्रीटवाला मीच. आज आमच्या साइटजवळच्या नाल्यात काडी फिरवून बघितली. तुकडे पडले. बायकोला फोटो पाठवला, तिनं ब्लॉक केलं.

ओढ्यामागचा | ११ जून, रात्री ९:४०

धागा वर आणतोय. काल रात्री पहिला मोठा पाऊस झाला. काकांनी फोनवर सांगितलं होतं पावसात उतरू नका, सकाळी जा. पावसाआधी पट्ट्याच्या खालच्या टोकाला १२६०, आज पहाटे साडेपाचला ३१०, आणि रस्त्यावरचं सगळं, प्लास्टिक, तेल, कोंबड्यांची पिसं, खाली गेलेलं. सकाळी दहाला ४८०, दुपारी चारला ६९०, आत्ता बॅटरी घेऊन गेलो तर ८४०. दिवसभर चढत चाललाय, पाऊस निघून गेला आणि खालचं पाणी परत वर आलं. झिरपा १४००, तो जागचा हललेला नाही.

मावशींकडं आशाताई दोनदा जाऊन आल्या. तान्हं बाळ असलेल्या दोन घरांना आमच्या गल्लीतून कळशा जातात. शेंदराच्या धारेवर कपडे धुतात, पिण्याला दोघी-तिघी अजून नेतात.

दुष्काळी_७२ | १२ जून, सकाळी ७:२०

नातवाला घेऊन आमच्या बाजूच्या ओढ्यात हातभर झिरा उकरला, बऱ्याच वर्षांनी. लगेच भरला, पूर्वी एवढा लगेच भरत नव्हता. चाखायचा मोह झाला पण नातवानं हात धरला. त्याच्याकडं मीटर नाही, तुमचा दोन दिवस मिळेल का?

ओढ्यामागचा | १२ जून, सकाळी ७:४५

आजोबा, संध्याकाळी घेऊन येतो. झिरा बुजवू नका.